दिवे मालवण्याआधी

प्रति,
गेम आणि मालिका कधी बंद करायच्या हे ठरवणारी सर्व मंडळी,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पण तुमच्या बैठकीत जे ठरतं ते शेवटी ज्यांच्या हातून घडतं, त्यांच्यातला मी एक. माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. नवे उभे करायचे, रात्री-अपरात्री पडले की उठून सावरायचे, आणि ‘आता याची गरज उरली नाही’ असा निरोप आला की बंद करायचे. पहिल्या दोन कामांबद्दल आमच्यातले लोक तासन्‌तास बोलतात. तिसऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्याला आम्ही ‘सनसेट’ म्हणतो. ज्याने हा शब्द निवडला त्याने छान निवडला. एवढंच, की खरा सूर्य दुसऱ्या दिवशी उगवतो.

काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन गेमचा सनसेट केला. गेमचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. फार मोठं प्रकरण नव्हतं ते. रोजचे खेळणारे शे-दीडशे उरले होते. काय कोणत्या क्रमाने बंद करायचं हे लिहून ठेवलेलं होतं : आधी नवी खाती थांबवा, मग आतलं दुकान, मग खेळायला जोडीदार शोधून देणारी सेवा, मग खेळाचे सर्व्हर, सगळ्यात शेवटी डेटाबेस. अखेरची ओळ होती, ‘बॅकअप घ्या, ९० दिवसांनी पुसा.’ मी घेतला, आणि ९० दिवसांनी पुसला. कॅलेंडरनेच आठवण करून दिली.

मधल्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. सर्व्हर गेले होते, पण त्यांचं डोमेन अजून आमच्याच ताब्यात होतं, आणि डीएनएसच्या, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, लॉगमध्ये (नोंदवहीत) कुठलंसं एक यंत्र दर तीस सेकंदांनी विचारत होतं : तो सर्व्हर कुठे आहे? उत्तर नाही आलं तर तीस सेकंद थांब आणि पुन्हा विचार, असं प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहून ठेवलं होतं. कितीदा विचारून गप्प बसायचं हे लिहायचं राहून गेलं होतं. गेम चालू होता तेव्हा त्याची कधी गरजच पडली नसणार.

हे पत्र तेव्हापासून डोक्यात आहे.

आधी एक गैरसमज टाळतो. सर्व्हर कायम चालू ठेवा, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांनी कधी दहा वर्षं जुना सर्व्हर सांभाळलेला नसतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षेचे पॅच यायचे बंद झालेले असतात, ज्याने तो कोड लिहिला तो तीन नोकऱ्या पुढे गेलेला असतो, आणि सर्व्हरची ओळख पटवणारं एखादं सर्टिफिकेट अशा तारखेला संपतं की ती तारीख कुणाच्याच वहीत नसते. ते ओझं उतरवावं असं तुम्हाला वाटतं, यात चूक काहीच नाही. मलाही वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. बंद कसं करायचं याचा विचार तुम्ही बंद करण्याच्या महिन्यात सुरू करता.

आमच्या धंद्यातला सगळ्यात नेटका सनसेट मी टीव्हीवर पाहिला आहे. ‘बॅबिलॉन ५’ ही अंतराळस्थानकावरची मालिका. १९९३ मध्ये तिचा सुरुवातीचा चित्रपट आला आणि १९९४ ते १९९८ या काळात पाच सीझन. तिचे निर्माते-लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनी पाच वर्षांची गोष्ट आधीच आखली होती आणि ११० भागांपैकी ९२ स्वतः लिहिले. शेवटच्या भागात ते स्थानकच निकामी ठरवून बंद केलं जातं. रिकाम्या स्थानकात एक तंत्रज्ञ येतो, इकडेतिकडे नजर टाकतो आणि दिवे मालवतो. तो तंत्रज्ञ म्हणजे खुद्द स्ट्राझिन्स्की. ज्याने दिवे लावले त्यानेच ते मालवले. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो गोड वाटला होता. सर्व्हर बंद करायला लागल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा मनात आलं, की या माणसाने बटण दाबण्याआधी तपासणीची यादी नक्की केली असेल.

नव्हती केली. निदान त्या मालिकेच्या बाबतीत कुणीच नव्हती केली. ‘बॅबिलॉन ५’मधली अंतराळयानं हा त्या काळात चमत्कार होता, सुरुवातीची कामं अमिगा संगणकांवर, व्हिडिओ टोस्टर आणि लाइटवेव्ह ही चित्रं घडवायची साधनं वापरून झाली होती. माणसांचे प्रसंग फिल्मवर आणि रुंद चौकटीत टिपले होते, पुढे रुंद पडद्याचे टीव्ही येतील या हिशोबाने. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. पण संगणकावरची दृश्यं जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीतच तयार झाली, आणि ज्या मूळ फाइलींवरून ती पुन्हा मोठ्या आकारात बनवता आली असती त्या जपल्याच गेल्या नाहीत. त्यामुळे रुंद चौकटीतली डीव्हीडी काढताना यानांची दृश्यं वरून-खालून कापून ताणावी लागली. २०२१ च्या नव्या आवृत्तीत माणसं फिल्मवरून ताजी स्कॅन झाली आहेत आणि यानं मात्र जुन्याच व्हिडिओवरून फुगवलेली. एकाच भागात दोन वयं दिसतात. गोष्टीचा शेवट पाच वर्षं आधी ठरलेला होता. फाइलींचं काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चं उलट झालं, आणि तेही जवळजवळ चुकून. १९८७ ते १९९४ या काळातली ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन व्हिडिओटेपवर झालं. तयार भाग टेपच्या दर्जाचे. पण फिल्मची निगेटिव्हं साठवलेली राहिली, यानांच्या प्रतिकृतींचं चित्रणही फिल्मवरच होतं, म्हणून दोन दशकांनी ती खोकी उघडून प्रत्येक भाग नव्याने जुळवता आला आणि २०१२ पासून ब्लू-रेवर आला. कुणीतरी एका गोदामाचं भाडं वर्षानुवर्षं बिनतक्रार भरत राहिलं, एवढंच त्यामागचं रहस्य. तिच्या पाठोपाठच्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या दोन मालिका मात्र अजून टेपच्याच दर्जात अडकून आहेत.

आणि मग ‘डॉक्टर हू’. ही गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण ती तुमच्याच खुर्चीत बसलेल्या माणसांची गोष्ट आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या ब्रिटिश मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने स्वतः पुसले. कुणाचा दुष्टावा नव्हता. व्हिडिओटेप महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या करारांमुळे भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. रंगीत टीव्ही आला होता, मग कृष्णधवल भाग कोण पाहणार? प्रत्येक कारण त्या-त्या बैठकीत रास्तच वाटलं असणार. तुमच्या स्प्रेडशीटमध्येही कारणं रास्तच असतात. आज त्यातले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात उपलब्ध नाहीत. २०१३ मध्ये नऊ भाग परत मिळाले ते नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात, परदेशी विकलेल्या फिल्म-प्रतींच्या रूपाने.

यातला मला सर्वांत आवडणारा तपशील पुढे आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. अगदी प्रत्येक. कारण प्रसारणाच्या वेळी काही प्रेक्षक घरी टेपरेकॉर्डर लावून बसत. मुलंच होती त्यातली बरीचशी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, परवानगी दिली नव्हती. आज त्याच आवाजावर ॲनिमेशन चढवून ते भाग पुन्हा प्रकाशित होतात. ज्यांना ‘अनधिकृत ध्वनिमुद्रण करणारे’ म्हणता आलं असतं, त्यांच्यामुळे मालकाची मालमत्ता वाचली.

टेपरेकॉर्डर लावून बसायची ही सोय गेमच्या बाबतीत तुम्ही काढून घेतलीत, म्हणून मी आज लिहितोय.

गेमचं चित्रण करता येतं, पण चित्रण म्हणजे गेम नव्हे. बुद्धिबळाच्या डावाचा फोटो पाहून पटावर हात टाकता येत नाही. गेम चालला पाहिजे. आणि तो चालायचा तर आजकाल त्याला समोरून सर्व्हरचा होकार लागतो. हा होकार दोन तऱ्हेचा असतो, आणि तुम्ही जाहीर निवेदनांत या दोन्हींची सरमिसळ करता. एका प्रकारात सर्व्हर म्हणजे खरोखर मैदान असतं : शेकडो लोक एकाच जगात, कोण कुठे उभा आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, याचा निवाडा तिथे होतो. दुसऱ्या प्रकारात सर्व्हर म्हणजे दारावरचा पहारेकरी. सगळा खेळ खेळणाऱ्याच्याच यंत्रात असतो. पहारेकरी फक्त विचारतो, ‘तुमचं नाव यादीत आहे का?’ पहारेकरी नोकरी सोडून गेला की घर आतून शाबूत असूनही दार उघडत नाही.

‘सिमसिटी’ हा शहर वसवायचा गेम आठवून पाहा. मार्च २०१३ मध्ये आला तेव्हा एकट्याने खेळायलाही इंटरनेट सक्तीचं होतं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेले लोक रांगेत उभे राहिले. खेळाची बरीच गणितं सर्व्हरवर होतात, ऑफलाइन करायचं तर फार मोठं काम आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, ऑफलाइन मोड आला. शहरं तशीच चालली. मी तेव्हा सहकाऱ्यांना म्हटलं होतं, की ‘फार मोठं काम’ हा आमच्या भाषेत ‘कुणी सांगितलेलं नाही’ याचा सभ्य पर्याय आहे. मीही तो कैकदा वापरला आहे.

‘द क्रू’ हा २०१४ चा गाड्यांचा गेम. त्यात एकट्याने खेळायची पूर्ण कथा होती, अमेरिकेचा लहान केलेला अख्खा नकाशा होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्क कपाटात असलेल्यांनाही तो नकाशा मिळेनासा झाला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि २०२५ मध्ये युरोपीय नागरिकांच्या याचिकेवरच्या सह्यांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. विशेष म्हणजे त्याच कंपनीने नंतर त्याच मालिकेतल्या पुढच्या गेमना ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर केलं. म्हणजे जमतं.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. बैठकीत मागच्या खुर्चीवर मी असतो. ‘आमचा सर्व्हर म्हणजे एक प्रोग्राम नाही, चाळीस सेवा आहेत, त्या भाड्याच्या क्लाउडवर चालतात, त्या कुणाला उचलून कशा देणार?’ अगदी खरं. बंद करण्याच्या महिन्यात हे जवळपास अशक्यच आहे. पण आता एक गोष्ट सांगतो, जी तुमच्यापर्यंत बहुधा पोचलेली नाही. तुमचा गेम बनवणाऱ्या प्रोग्रामरला दिवसातून पन्नासदा बदल करून तो चालवून पाहावा लागतो. दर वेळी तो चाळीस सेवांचा पसारा उभा करत नाही. त्याच्या स्वतःच्या यंत्रावर एक छोटा, ओबडधोबड सर्व्हर असतो. ओळख विचारत नाही, दुकान नाही, क्रमवारी नाही. खेळ मात्र चालतो. बहुतेक संघांत तो या ना त्या रूपात असतो. नसला तर काम पुढे सरकत नाही. ज्याला तुम्ही ‘अशक्य’ म्हणता त्याची कच्ची आवृत्ती गेम बाजारात यायच्या आधीपासून तुमच्याच इमारतीत चालू असते. सनसेटच्या दिवशी आम्ही ती बाकी सगळ्याबरोबर पुसतो.

ती आवृत्ती जिवंत ठेवण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या किरकोळ आहेत. सर्व्हरचा पत्ता प्रोग्रामच्या पोटात कोरून न ठेवता एका साध्या फाइलीत ठेवा, म्हणजे उद्या दुसरा पत्ता लिहिता येईल. ‘फक्त आमचंच सर्टिफिकेट मान्य’ अशी कडी गेममध्ये घालत असाल तर जरूर घाला, चोऱ्या थांबवायला ती लागते. पण ती काढणारा एक शेवटचा पॅच त्याच दिवशी लिहून ठेवा, चाचणी करून. पहिल्या दिवशी हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. दहाव्या वर्षी, त्या कोडमधून चालता प्रोग्राम बनवणारं यंत्रच भंगारात गेल्यावर, ते कुणाच्याच आवाक्यात नसतं.

दुसरा आक्षेप परवान्यांचा : यात दुसऱ्यांचा कोड आहे, तो आम्ही उघडा कसा करणार? यावर ‘डूम’ आहे. डिसेंबर १९९३ चा गेम. डिसेंबर १९९७ मध्ये तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, देऊन टाकला. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या मूळ आवृत्तीतला आवाजाचा भाग तिऱ्हाइताचा होता, म्हणून तो वगळूनच दिला. भोक तसंच ठेवलं. लोकांनी ते बुजवलं, आणि आज तो गेम लोक कॅल्क्युलेटरपासून ऑसिलोस्कोपपर्यंत कशावरही चालवून दाखवतात. माझ्या ओळखीतले निम्मे प्रोग्रामर तो कोड वाचून या धंद्यात आले असावेत. मी आलो, एवढं नक्की सांगतो. गेमचा विक्रीयोग्य भाग, म्हणजे नकाशे आणि चित्रं, कंपनीकडेच राहिला आणि त्यानंतरही विकला जात राहिला.

आणि लोकांना सर्व्हर देऊन टाकायचा नसेल, तर निदान ज्यांनी तो स्वतः उभा केला त्यांच्याशी बोला. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा ऑनलाइन गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला. चाहत्यांनी तो आडवाटेने चालू ठेवला, २०१९ मध्ये ते उघड झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यातल्या ‘होमकमिंग’ गटाला मालक कंपनीने रीतसर परवाना दिला. अकरा वर्षं लागली. ‘नॉकआउट सिटी’च्या लोकांनी २०२३ मध्ये गेम बंद करतानाच पीसीसाठी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. त्याला अकरा वर्षं लागली नाहीत.

स्ट्रीमिंगवाल्यांसाठी वेगळं पत्र लिहावं लागेल, पण दोन ओळी इथेच. २०२३ मध्ये ‘स्टार ट्रेक : प्रॉडिजी’ ज्या सेवेवर पहिल्यांदा दिसली तिनेच ती काढून टाकली, दुसऱ्या सेवेने उचलली म्हणून बरं. ज्या मालिकेची डिस्क निघत नाही, प्रसारण होत नाही, तिची एकमेव प्रत तुमच्या सर्व्हरवर असते. बीबीसीच्या कारकुनाला टेप पुसायला निदान टेप शोधून आणावी लागत होती.

मी काही भाबडा नाही. २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं, की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. आणि त्यातले बहुतेक सर्व्हर नसलेले, साधे गेम होते. म्हणजे विस्मरण तुमच्याशिवायही होतंच. पण त्या जुन्या गेमचं कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची डबी, कुणाच्या तरी माळ्यावर असतं आणि यंत्राला लावलं की चालतं. तुमच्या गेमचं तसं नाही, आणि हा फरक निसर्गाने केलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने २०२५ पासून दुकानांना ‘विकत घ्या’ असं लिहिताना हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगायला लावलं आहे. कायमचं उतरवून घेऊन ऑफलाइन वापरता येणाऱ्या गोष्टींना त्यातून सूट आहे. सूट कुणाला आहे ते बघा.

पत्र लिहून काही होतं का, असं बायकोने हे वाचताना विचारलं. १९६८ मध्ये मूळ ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या सीझननंतर बंद होणार अशी बातमी होती. प्रेक्षकांनी पत्रांचा इतका पाऊस पाडला, की मालिका चालू राहणार असल्याचं एनबीसी या वाहिनीने प्रसारणातच जाहीर केलं. तिसरा सीझन मिळाला. तो काही फार चांगला नव्हता, हेही खरं. पण त्यामुळे भाग ७९ झाले, स्थानिक वाहिन्यांवर रोज फिरवत दाखवायला पुरेसे. आणि पुढचं सगळं त्या पुनःप्रसारणांतून उगवलं.

तेव्हा माझी मागणी एवढीच. पुढचा गेम मंजूर करताना तुमच्या कागदावर खर्च, तारीख, प्रचार यांचे रकाने असतील. त्यात ‘बंद झाल्यावर कसा चालेल’ असा एक रकाना घाला. उत्तर ‘चालणार नाही’ असं असेल तर तसं लिहा, आणि तेच वाक्य खोक्यावरही छापा. रकाना भरायला माझ्यासारख्या कुणालातरी बोलवा. आम्हाला नेहमी शेवटी बोलावलं जातं, आणि तोवर करण्यासारखं बटण दाबण्यापलीकडे काही उरलेलं नसतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सर्व्हर सांभाळणारा

ता. क. लॉगमधलं ते यंत्र ८१ व्या दिवशी विचारायचं थांबलं. बॅकअप पुसायला तेव्हा नऊ दिवस बाकी होते.